बुडता येईल अशी बाग

नाशिकमध्ये नदीकाठच्या बागेचा विषय निघाला की बोलणं लगेच दिवे, कारंजी, जॉगिंग ट्रॅक आणि बाकांवर येतं. पाण्यावर येत नाही. पावसाळ्यात एखाद्या दिवशी ही सगळी जागा गोदावरीच्या पोटात जाणार आहे, हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सुशोभीकरणाच्या रंगीत चित्रांमध्ये मात्र नदी कायम निळी, शांत आणि एकाच पातळीवर असते. सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आलाय, काठावर पुन्हा पैसा ओतला जाणार आहे, म्हणून हे आत्ताच बोलायला हवं. गोदाकाठी जी बाग होईल ती बुडता आली पाहिजे. वर्षातून एकदा, कधी दोनदा पाण्याखाली जाऊन, पाणी ओसरल्यावर गाळ धुतला की आठवडाभरात पुन्हा लोकांच्या पायाखाली आली पाहिजे. ज्या बागेला हे जमणार नाही तिची जागा काठावर नाही.

हे काही परक्या देशातलं ज्ञान नाही. आपला गोदाघाट दुसरं काय करतो? काळ्या दगडाच्या पायऱ्या, मध्ये फरसबंद पटांगणं, पाण्याला भिडलेली देवळं. नारोशंकराचं मंदिर १७४७ सालचं. तेव्हापासून किती पूर त्याच्या अंगावरून गेले असतील याचा हिशोब कोण ठेवणार? वसईच्या विजयाची आठवण सांगणारी त्याची घंटा पुराच्या खुणेसारखी शहराच्या बोलण्यात आली. आणि नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती तर आमची मोजपट्टीच. गंगापूर धरणातून किती क्युसेकने विसर्ग सुरू आहे हे मोबाईलवर कळतं, पण अंदाज येतो तो 'मारुतीच्या गुडघ्याला लागलं', 'कमरेच्या वर गेलं', 'छातीला आलं' या भाषेतूनच. ज्या शहरात पुराचं माप देवाच्या अंगावर घेतलं जातं, त्या शहराने पुराला अपघात समजणं हे मला मोठं विस्मरण वाटतं. गंगेला पूर येणारच. (नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, मीही पुढे तसंच म्हणणार आहे.)

पाणी सोडायची सूचना आली की घाटावर काय होतं ते एकदा जवळून बघावं. भोंगा फिरतो. भेळवाले, फुलवाले, पूजेचं साहित्य विकणारे, भांडीवाले आपापली टपरी हातगाडीवर चढवतात किंवा चौघं मिळून उचलून वरच्या गल्लीत नेतात. ताडपत्री सुटते, बांबू एकत्र बांधले जातात, फळकुटांवर फळकुटं रचली जातात. ज्यांचं सामान जड असतं ते आधी निघतात, केळीची पानं विकणारी बाई सगळ्यात शेवटी, पाटी डोक्यावर घेऊन. कुणी आराखडा दिलेला नसतो, पण कोण कुठून कुठे जाणार हे ठरलेलं असतं. बघता बघता घाट मोकळा. मग त्याच पायऱ्यांवरून पाणी चढू लागतं, आणि अर्धं शहर पूर बघायला होळकर पुलाकडे निघतं. पाणी उतरल्यावर गाळ उपसतात, बंबाने पायऱ्या धुतात, आणि बुधवारचा बाजार पुन्हा भरतो. घाट टिकला कारण तो बुडण्यासाठी बांधला होता, आणि घाटावरचे लोक टिकले कारण त्यांना हलता येतं.

याच्या शेजारी नवीन कामं ठेवून बघा. दोन दशकांहून जास्त काळ नाशिक गोदापार्कचं स्वप्न बघतंय. कल्पना चांगलीच होती, हे मनापासून म्हणतो. गंगेकडे शहराने पाठ फिरवली होती, ही कल्पना लोकांना पुन्हा काठावर आणू पाहत होती. संध्याकाळी त्या वाटेवर चालणारी माणसं, काठीवर जोर देत येणारे आजोबा, कॉलेजची पोरं, दंगा करणारी मुलं यांना बघून आनंदच व्हायचा. पण २ ऑगस्ट २०१६ला गंगेला महापूर आला आणि नव्याने केलेल्या कामाचं मोठं नुकसान झालं. पुढे ४ ऑगस्ट २०१९ला पुन्हा तसाच पूर. दोन्ही वेळा मारुती दिसेनासा झाला होता. त्याआधी सप्टेंबर २००८, आणि जुनी माणसं अजून सांगतात तो १९६९चा सप्टेंबर. काही वर्षांच्या अंतराने येणाऱ्या पाहुण्याला कुणी अनपेक्षित म्हणतं का?

पुरानंतरच्या चिखलात नीट पाहिलं की काय टिकलं आणि काय गेलं हे कळतं. पेव्हर ब्लॉक खाली वाळूच्या थरावर बसवलेले असतात. पाण्याला एका कोपऱ्यातून शिरायला जागा मिळाली की ते आधी वाळू धुऊन नेतं, मग ब्लॉक पोकळीवर तरंगल्यासारखे होतात, आणि एक उचकटला की शेजारचे दहा सुटतात. स्टीलच्या रेलिंगला वाहून आलेल्या फांद्या, गोधड्या, प्लॅस्टिक अडकतं. त्याची भिंतच तयार होते आणि मग पाणी रेलिंगला नाही, त्या भिंतीला ढकलतं. बुंध्यापर्यंत वाकलेले ते खांब नाशिककरांनी पाहिले आहेत. संरक्षक भिंतीचं दुखणं आणखी वेगळं. पूर चढताना तिच्यामागची माती पाणी पिऊन फुगते, धरणाचा विसर्ग कमी केला की नदी झपाट्याने उतरते, पण मातीतलं पाणी तितक्या लवकर बाहेर येत नाही. समोरचा आधार गेलेला आणि मागून दाब, अशा अवस्थेत भिंत नदीच्या बाजूला कोसळते. म्हणजे पूर असताना उभी राहिलेली भिंत पूर ओसरताना पडते. घाटाच्या उतरत्या पायऱ्यांना हा धोका कमी, कारण उतार आधीच नदीकडे झुकलेला असतो आणि दगडांच्या सांध्यांतून पाणी निथळतं. हे जुन्या गवंड्यांना कळत होतं.

त्यापेक्षाही मोठं नुकसान नदीच्या तळाशी झालं. गर्दीची सोय म्हणून गंगेच्या पात्रातच काँक्रीट ओतलं गेलं. रामकुंडाच्या आसपास लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, अहिल्याकुंड, दशाश्वमेध, रामगया अशी कुंडांची रांग होती. त्यातली बरीच त्या थराखाली गेली. आपला सगळा प्रदेश काळ्या पाषाणाचा आहे. या दगडाच्या भेगांतून पाणी मुरतं आणि भेगांतूनच वर येतं. कुंडांना जिवंत झरे होते असं घाटावरची जुनी घराणी सांगतात, आणि खडकाकडे पाहता ते पटतं. भेगांवर सिमेंट ओतलं तर मुरणंही थांबतं आणि झरणंही. शिवाय गुळगुळीत तळावरून पाणी जास्त वेगाने धावतं. काठाला धडकतं तेही जास्त जोराने.

२०१६ हे साल या बाबतीत विसरण्यासारखं नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये रामकुंड कोरडं पडलं होतं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे टँकरने पाणी आणून ओतावं लागलं. चार महिन्यांनी त्याच जागी महापूर. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला होता, धरणात पाणी नव्हतं, हे खरंच. दुष्काळाचं खापर काँक्रीटवर फोडायचं नाही. पण उन्हाळ्यात ज्या नदीला स्वतःचं पाणी उरत नाही आणि पावसाळ्यात जिला पसरायला जागा उरत नाही, तिच्या काठावर आपण बाग कशाची करतोय? नागरिकांनी हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत नेला आणि काही कुंडांच्या जागचं काँक्रीट काढायला सुरुवात झाली. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गंगेच्या काठावर झालेलं माझ्या मते हे सर्वात चांगलं काम आहे, आणि त्याच्या उद्घाटनाला फीत लागली नाही.

आता वर, डोंगरात जाऊ. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवर त्र्यंबकेश्वर. ब्रह्मगिरीच्या पायथ्याचं छोटं गाव, पावसाळ्यात दिवसचे दिवस ढगात बुडालेलं, नाशिकच्या कितीतरी पट पाऊस अंगावर घेणारं. १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळणारी नदी इथे सुरू होते. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही त्यांना कौतुकाने त्र्यंबकला घेऊन जातो. दर्शन होतं, कुशावर्त कुंडावर जाणं होतं, आणि मग कुणीतरी विचारतं, 'नदी कुठंय? जरा काठावर बसूया.' उत्तर देताना जीभ अडखळते. नदी गावातून वाहते, पण मधल्या भागात ती स्लॅबखाली आहे. तिच्यावरून माणसं चालतात. जोराचा पाऊस झाला की त्या झाकलेल्या नदीत पाणी मावत नाही आणि मेनरोडवरून गुडघाभर लोंढा वाहतो. दुकानदार पाट्या-फळ्या लावून उंबरे अडवतात. भाविक चपला हातात घेऊन कडेने चालतात.

उगमाच्या गावात नदीकाठी बसायला जागा नसावी, याचं मला मनापासून दुःख आहे. गौतम ऋषींनी निसटून जाणाऱ्या गंगेला दर्भाने थोपवलं अशी कुशावर्ताची कथा आहे. गवताच्या काडीने थोपवलेल्या नदीच्या डोक्यावर आपण स्लॅब टाकून बसलो. हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला, त्यावर बरंच बोलणं झालं. माझं म्हणणं इतकंच की त्र्यंबकला वेगळं उद्यान विकत घ्यायची, वसवायची काहीच गरज नाही. स्लॅब टप्प्याटप्प्याने काढा, दोन्ही बाजूंना जिथे जितकी जागा मिळेल तितका दगडी उतार द्या, वर करंज-उंबराची सावली द्या. गावाची बाग तयार. ब्रह्मगिरी उतरून दमलेली माणसं तिथे पाय सोडून बसतील. गाड्या कुठे उभ्या राहणार, दुकानांच्या पुढच्या ओट्यांचं काय, हे प्रश्न खरे आहेत आणि त्यावर दुकानदारांबरोबर बसूनच मार्ग काढावा लागेल. पण दर पावसाळ्यात ज्यांच्या दुकानात पाणी शिरतं ते लोक या चर्चेत नदीच्या बाजूने उभे राहतील असं मला वाटतं, कारण नदीला मोकळी वाट मिळाली तर पहिला फायदा त्यांचाच आहे.

नाशिककडे परत. २००८च्या पुरानंतर इथे पूररेषा आखल्या गेल्या. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, मोकळी मैदानं, बागा, हंगामी पिकं चालतील, असा नियमाचा अर्थ. म्हणजे कायद्यालाही नदीकाठची बाग मान्यच आहे. पण बाग या नावाखाली तिथे भराव, भिंत, खोल्या, तिकीटघर, काँक्रीटचे रंगमंच येतात तेव्हा कागदावर बाग आणि नदीला अडथळा असं होतं. भराव घातलेल्या प्रत्येक ब्रास मुरमाची जागा पाण्याने दुसऱ्या काठावर शोधलेली असते. ती जागा बहुतेक वेळा समोरच्या वस्तीत, गरिबाच्या घरात असते. सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं की बातमी होते, वाघाडी आणि नासर्डी या उपनद्यांच्या कडेच्या झोपड्यांत शिरलं की एका ओळीत आटपते.

बुडणारी बाग म्हणजे नेमकं काय? दोन पायऱ्यांची बाग. खालची पायरी नदीची. तिथे रुंद दगडी उतार, मुरमाची पायवाट, लव्हाळं, वाळुंज, उंबर, जांभूळ, करंज अशी मुळं ओलीत रोवून उभी राहणारी झाडं. लव्हाळं पुरात वाचतं हे महाराष्ट्रात पोरासोरांनाही ठाऊक आहे, मग काठावर परदेशी हिरवळीचे गालिचे का अंथरायचे? खालच्या पायरीवर विजेची एकही जोडणी नको, रेलिंग नको, लोखंडी खेळणी नकोत. बाक हवा असेल तर दगडाचा, अर्धा जमिनीत गाडलेला. वरची पायरी लाल रेषेच्या आसपास किंवा बाहेर, आणि तिथे दिवे, स्वच्छतागृह, पाण्याची टाकी, व्यायामाची साधनं, चाकाच्या खुर्चीतून येणाऱ्यासाठी सपाट वाट, सगळं चांगल्या दर्जाचं. मी बागेच्या सोयींच्या विरोधात नाही. गुडघे दुखणाऱ्या आईला घाटाच्या उंच पायऱ्या उतरवत नाहीत, मुलींना अंधाऱ्या काठावर जायला भीती वाटते, हे प्रश्न बाजूला सारण्यासारखे नाहीत. त्यांचं उत्तर वरच्या पायरीवर नीट देता येतं. तेच उत्तर खालच्या पायरीवर दिलं तर पहिल्या महापुरात आईची वाटही जाते आणि मुलीचा दिवाही.

अहमदाबादच्या साबरमतीचं उदाहरण नाशिकमध्ये सतत दिलं जातं. तिथला काठ स्वच्छ आहे, लोक फिरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथे दोन्ही बाजूंना उंच भिंती घालून नदीला ठरावीक रुंदीत बसवलं आहे आणि पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. आपली गंगा डोंगरातून दगडधोंड्यांतून उतरते, कश्यपी, गौतमी-गोदावरी आणि गंगापूर धरणांवरून शहरात पोचायला तिला फार वेळ लागत नाही, आणि शहरात शिरल्यावर नासर्डी, वाघाडी आणि सगळे नाले वरून भर घालतात. तिच्या पात्राची रुंदी सोमेश्वरला वेगळी, आनंदवल्लीला वेगळी, रामकुंडाला वेगळी. सोमेश्वरच्या धबधब्याजवळ उघड्या खडकांवर लोक तासन् तास बसतात. तिथे बसायला कुणी काही बांधलेलं नाही, म्हणूनच ती जागा लोकांना आवडते.

पाणी स्वच्छ नसेल तर बागेला अर्थ नाही, आधी गटारं थांबवा, असं काही जण म्हणतात. ते बरोबरच बोलतात. नाल्यांचं सांडपाणी थेट गंगेत येत असेल, पाणवेलींचा हिरवा थर साचत असेल, तपोवनाच्या खाली फेस दिसत असेल तर बाकावर बसून नाकाला रुमाल लावावा लागतो. पण लोक काठावर रोज असतील तरच ते गटारांबद्दल रोज बोलतील. ज्या नदीकडे कुणी फिरकत नाही तिच्यात काय सोडलं जातंय हे विचारायला कुणीच नसतं. इथून खाली नांदूरमध्यमेश्वर आहे, जानेवारी २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेलं. हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी तिथे उतरतात ते याच पाण्यावर. नाशिकच्या काठावर जे होतं ते नाशिकपुरतं राहत नाही.

दाराचा मुद्दा मला विशेष जिव्हाळ्याचा आहे. नव्या बागांना कुंपण येतं, मग दार, मग वेळ, मग तिकीट. गंगेचा काठ कुणाचा हा प्रश्न नाशिकला नवीन नाही. २ मार्च १९३०ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराची दारं बंद होती, तेव्हा मिरवणूक गोदाघाटाकडे वळली आणि तिथे सभा झाली. ज्यांना देवळाचं दार बंद केलं गेलं त्यांना उभं राहायला घाटाची मोकळी जागा मिळाली, ही गोष्ट या शहराने छातीशी धरून ठेवायला हवी. आजही मे महिन्यात यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला होते. शंभर वर्षांची परंपरा, उघड्या आकाशाखाली, कुणीही यावं, बसावं, ऐकावं. बाजारातून परतणारा हमाल पाटी शेजारी ठेवून अर्धा तास व्याख्यान ऐकतो आणि उठून जातो. हे तिकीटघराच्या आतल्या बागेत होणार नाही. देखभालीला पैसा लागतो हे मान्य. तो महापालिकेच्या अंदाजपत्रकातून यावा, रस्त्याच्या झाडलोटीला जसा येतो तसा.

आता सिंहस्थ. ३१ ऑक्टोबर २०२६ला ध्वजारोहण, आणि मुख्य स्नानं २०२७मध्ये २ ऑगस्टला, ३१ ऑगस्टला आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तारखा पुन्हा वाचा. २०१६चा महापूर २ ऑगस्टचा होता, २०१९चा ४ ऑगस्टचा. म्हणजे लाखो माणसं पुराच्या ऐन दिवसांत काठावर उभी असतील. त्या दिवशी काठ गुळगुळीत फरश्यांचा आणि रेलिंगने अडवलेला हवा, की जिथून पटकन वर चढता येईल असा रुंद खरखरीत पायऱ्यांचा हवा? हा सौंदर्याचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. आणि तपोवनात साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी सतराशे-अठराशे झाडांवर खुणा झाल्या तेव्हा २०२५च्या अखेरीस नाशिककर ज्या तळमळीने रस्त्यावर आले, त्यातून एक गोष्ट तरी स्पष्ट झाली. या शहराला गंगेकाठच्या झाडांचं मोल कळतं. सोहळा येईल आणि संपेल, ती झाडं कितीतरी सिंहस्थ बघतील.

म्हणून काठावरच्या प्रत्येक नव्या कामाच्या निविदेत तीन गोष्टी लिहून मागाव्यात असं माझं मत आहे. हे काम मारुतीच्या डोक्यावरून पाणी गेलं तर किती तास पाण्याखाली राहू शकतं. पाणी ओसरल्यावर गाळ कोण काढणार आणि त्याचा पैसा कुठल्या खात्यातून. आणि या कामामुळे निळ्या रेषेच्या आत किती घनमीटर भराव पडणार आहे. तिसऱ्याचं उत्तर शून्य नसेल तर ते काम होऊ नये. ही उत्तरं मराठीत, नकाशासह, काम सुरू व्हायच्या आधी त्या जागेवर फलकावर लावावीत. टपरीवाल्यांना, भेळवाल्यांना, पुजाऱ्यांना, कोळ्यांना आणि काठच्या वस्त्यांतल्या लोकांना ती वाचून दाखवावीत, कारण कुठे पाणी आधी चढतं आणि कुठून निघून जायची वाट आहे हे त्यांच्याइतकं नेमकं कुणालाच सांगता येत नाही. आणि त्र्यंबकमध्ये स्लॅबचा पहिला तुकडा कुठला काढायचा हे तिथल्या दुकानदारांना आणि गावकऱ्यांना घेऊन या पावसाळ्याआधी ठरवावं.